‘किती पुरे?’ : औषधाला न जुमानणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरचा इतिहास, वाशिमकडून पाहिलेला

(वाशिम येथील सार्वजनिक व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाल्यावर बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न दिसला. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा डॉक्टरी विषय कशाला? वाशिमचा इतिहास म्हटलं की वत्सगुल्म आलं, वाकाटक आले, फार तर इंग्रजांचा बासीम जिल्हा आला. तो १९०५ मध्ये मोडला आणि अकोल्यात गेला. मग १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. हे सगळं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

पण आजारालाही इतिहास असतो. औषधाला तर असतोच. आणि औषध एखाद्या गावापर्यंत कसं आलं, कधी आलं, किती रुपयांना आलं, यालाही असतो. हा तिसरा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आज आम्ही तोच सांगायचा प्रयत्न करणार आहोत. हे दवाखान्यातलं मार्गदर्शन नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कोणी आपल्या वडिलांची गोळी या व्याख्यानावरून कमीजास्त करू नये. ती का करू नये, याची एक गोष्टच पुढे येणार आहे.

प्रोस्टेट म्हणजे पाठ्यपुस्तकातली पुरःस्थ ग्रंथी. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी. तिचा कॅन्सर हा प्रामुख्याने उतारवयातला आजार, साठीच्या पुढचा. आता जुन्या बासीम जिल्ह्याचा विचार करा. पटकी, प्लेग, हिवताप, त्यावर १८९९-१९०० चा दुष्काळ. १९४० च्या दशकातसुद्धा भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. हा आकडा मुख्यतः बालमृत्यूंमुळे खाली आलेला, म्हणजे गावात म्हातारी माणसं नव्हतीच असं नाही. होती. पण त्यांची लघवी तुंबली की त्याला ‘वय झालं’ म्हणत, आणि कंबर धरली की ‘आयुष्यभर नांगर धरला, आता काय होणार’ म्हणत. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरतो तो बहुतेक वेळा हाडांत. कणा, कंबर, मांडीचं हाड. त्यामुळे आपल्याकडच्या या आजाराचा जुना इतिहास कंबरदुखीच्या नावाखाली दडलेला आहे. कागदोपत्री तो सापडणार नाही. देशातली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली पहिली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये. त्याआधी खेड्यातल्या कॅन्सरची मोजदादच नव्हती.

आमच्या गोष्टीची सुरुवात १९४१ ची. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स नावाच्या शल्यविशारदाने प्रोस्टेट कॅन्सरवरचे आपले निबंध छापले.

हगिन्स मूळचा कॅनडाचा. त्याने आधी कुत्र्यांवर काम केलं, कारण माणसासारखीच म्हाताऱ्या कुत्र्यांचीही प्रोस्टेट वाढते. त्याला दिसलं की ही ग्रंथी पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर जगते. मग त्याने सरळ प्रश्न विचारला: ग्रंथी त्यावर जगते, तर तिचा कॅन्सरही जगत असेल का? हाडांत कॅन्सर पसरलेल्या २१ रुग्णांचे वृषण त्याने शस्त्रक्रियेने काढले. आणि अंथरुणाला खिळलेली, वेदनेने तळमळणारी माणसं काही दिवसांत उठून बसली. सगळी नाही, पण बहुतेक. रक्तातलं एक द्रव्य मोजून त्याने ते सिद्धही केलं. त्या काळात पसरलेला कॅन्सर शरीरातल्या एका रसावर अवलंबून असतो ही कल्पनाच नवी होती. हगिन्सला त्याचं नोबेल मिळालं १९६६ मध्ये, पंचवीस वर्षांनी.

आज ‘लक्ष्यवेधी उपचार’ हा शब्द आपण फार आधुनिक समजतो. पण कॅन्सरला काय लागतं ते ओळखायचं आणि नेमकं तेवढंच तोडायचं, ही जर व्याख्या असेल, तर १९४१ चा हा उपचार लक्ष्यवेधीच होता. हत्यार फक्त सुरी होतं.

इथे आम्हाला थोडं थांबायचंय, कारण वाशिमच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. ही शस्त्रक्रिया साधी आहे. एकदाच करायची, खर्च थोडा, पुन्हा पुन्हा इंजेक्शनं नकोत, त्यासाठी दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी शहराला खेप नको. १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या एका संप्रेरकाची रचना उलगडली. शॅलीला १९७७ चं नोबेल मिळालं, आणि त्यातून पुढे तीच किमया करणारी इंजेक्शनं निघाली. शस्त्रक्रिया नको असणाऱ्यांना पर्याय मिळाला. परिणाम दोहोंचा सारखाच, टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. श्रीमंत देशांत शस्त्रक्रिया जवळजवळ मागे पडली. आपल्याकडे ती टिकली, ती याच हिशेबामुळे.

पण हिशेब एक आणि माणूस एक. शेतकऱ्याला ही शस्त्रक्रिया समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, त्याने गोऱ्हा खच्ची करताना पाहिलेला असतो. अडचण तीच आहे. भाषेत ‘खच्ची करणे’ या शब्दाचे जे अर्थ आहेत ते सगळे त्या खाटेवरच्या माणसाच्या मनात एकदम उभे राहतात. सत्तर वर्षांचा, नातवंडं असलेला माणूसही ‘मरण चालेल, हे नको’ म्हणून उठून जातो. वैद्यकाच्या पुस्तकांत ह्याला ‘रुग्णाचा नकार’ म्हणतात आणि पुढे जातात. आमच्या मते उपचारांच्या इतिहासात त्या नकाराला जागा हवी. त्या माणसाला घरच्यांसमोर न विचारता बाजूला घेऊन, नीट शब्द वापरून कोणी सांगितलं का, यावर पुष्कळ काही ठरतं. इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया हा निवडीचा प्रश्न त्याच्यापुढे खरंच ठेवला गेला का, की खिशाकडे पाहून आधीच ठरलं, हेही.

आता मुख्य मुद्दा. हगिन्सचे रुग्ण उठून बसले, पण काही महिन्यांनी, कोणी दोनतीन वर्षांनी, पुन्हा अंथरुणाला खिळले. टेस्टोस्टेरॉन तळालाच होतं, तरी कॅन्सर वाढत होता. यालाच आपण औषधाला न जुमानणारा कॅन्सर म्हणतो. जवळजवळ साठ वर्षं वैद्यकाने याचा अर्थ असा लावला की कॅन्सरला आता संप्रेरकाची गरजच उरली नाही. नावही तसंच पडलं, संप्रेरकाला दाद न देणारा. नाव पडलं की विचार थांबतो, आणि इथे तो बराच काळ थांबला.

गंमत म्हणजे खुद्द हगिन्सला ते पटलेलं नव्हतं. टेस्टोस्टेरॉनसारखी द्रव्यं थोड्या प्रमाणात अधिवृक्क ग्रंथीतही तयार होतात, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या त्या दोन ग्रंथी. कॅन्सर तिथून चोरून पोट भरत असेल, असं हगिन्सला वाटलं. १९४५ मध्ये त्याने आणि विल्यम स्कॉटने काही रुग्णांच्या त्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. पण या ग्रंथींशिवाय माणूस जगत नाही, आणि त्यांची जागा भरून काढणारं कॉर्टिसोन तेव्हा उपलब्ध नव्हतं. रुग्ण दगावले. कल्पना बरोबर होती, वेळ चुकीची होती. त्या कल्पनेला परत दार उघडायला पुढची पन्नास-साठ वर्षं गेली.

मधल्या काळातलं थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकात बुरशीवरचं एक जुनं औषध, केटोकोनॅझोल, मोठ्या मात्रेत दिलं की अधिवृक्क ग्रंथींचं उत्पादन अडतं हे लक्षात आलं. ते वापरलं गेलं, पण सोसायला जड. २००४ मध्ये डोसेटॅक्सेल या केमोथेरपीने पहिल्यांदा अशा रुग्णांचं आयुष्य वाढतं हे मोठ्या चाचणीत दिसलं. मधला आकडा १६.५ महिन्यांवरून १८.९ महिने. अडीच महिने! इतक्या वर्षांच्या प्रयत्नांनंतर.

त्याच २००४ साली लॉस एंजेलिसच्या चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग करून खरी गोम दाखवली. पेशीत टेस्टोस्टेरॉन पकडणारा एक रिसेप्टर असतो. औषधाला न जुमानणाऱ्या कॅन्सरमध्ये या रिसेप्टरची संख्याच वाढलेली होती. विहिरीला पाणी कमी झालं म्हणून शेतकरी विहीर सोडत नाही, दोन बोअर जास्त मारतो. तसं. टेस्टोस्टेरॉन थेंबभर उरलं तरी वाढलेले रिसेप्टर तो थेंब टिपत होते. म्हणजे ‘दाद न देणारा’ हे नावच फसवं होतं. कॅन्सरची भूक तीच होती. पुढे नाव बदललं. आता त्याला टेस्टोस्टेरॉन तळाला नेऊनही वाढणारा एवढंच म्हणतात, संप्रेरकाला दाद न देणारा म्हणत नाहीत.

एकदा हे कळल्यावर दोन औषधं आली. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये १९९० च्या दशकातच तयार झालेलं अबिरॅटेरॉन. ते टेस्टोस्टेरॉन बनण्याची पायरीच तोडतं. वृषणात, अधिवृक्क ग्रंथीत आणि खुद्द गाठीच्या आतही, कारण गाठ स्वतःचं स्वतः बनवते हेही तोवर समजलं होतं. हगिन्सने १९४५ मध्ये सुरीने जे करून पाहिलं ते २०११ मध्ये गोळीने झालं, आणि सोबत प्रेडनिसोनची छोटी गोळी देऊन रुग्ण जगला. दुसरं औषध एन्झाल्युटामाइड, कॅलिफोर्नियाचं. ते रिसेप्टरच अडवतं. त्याला २०१२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

दोन्हीचे आकडे बघा. केमोथेरपी झालेल्या रुग्णांत अबिरॅटेरॉनने १०.९ महिन्यांचे १४.८ झाले, एन्झाल्युटामाइडने १३.६ चे १८.४. चार-पाच महिने. शहरात बसून कोणी म्हणेल, एवढंसंच? पण हा मधला आकडा आहे. अर्धे रुग्ण त्याहून जास्त जगतात, काही पुष्कळ जास्त. आणि चार महिने म्हणजे एक खरीप. सोयाबीन पेरल्यापासून काढेपर्यंत. त्या चार महिन्यांत माणूस चालता-फिरता असेल, हाडं ठणकत नसतील, तर घरात पुष्कळ गोष्टी होतात. वाटण्या होतात, मुलीचं लग्न होतं, फेरफार होतो. आम्ही हे भावुक होऊन सांगत नाही, इथल्या घरांचा व्यवहार असाच चालतो.

आता प्रश्न आला पैशाचा. ही औषधं आली तेव्हा मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च आपल्याकडच्या दोन-चार एकर कोरडवाहू शेताच्या वर्षाच्या उत्पन्नाला भारी होता. इथून पुढची गोष्ट औषध शोधणाऱ्यांची कमी आणि ‘किती पुरे?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांची जास्त आहे.

पहिली घटना कचेरीतली. एन्झाल्युटामाइडच्या पेटंटसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाने भारतात अर्ज केला होता. आपल्या कायद्यात पेटंट मिळण्याआधीच त्याला हरकत घेता येते. औषध कंपन्यांनी आणि काही व्यक्तींनी तशा हरकती घेतल्या, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. आधी माहीत असलेल्या रसायनांपासून हे फार दूर नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. वाद पुढे न्यायालयातही गेला. पण देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत कोसळली. या एका कागदाचा वाशिमच्या औषध दुकानाशी असलेला संबंध कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेला नाही, म्हणून मुद्दाम सांगितला. आपल्या पेटंट कायद्यातली ही तरतूद कोणाला तांत्रिक वाटत असेल तर आमचं मत वेगळं आहे.

दुसरी घटना न्याहारीची. अबिरॅटेरॉन उपाशीपोटी घ्यायचं असतं, दिवसाला १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या चार गोळ्या. का उपाशीपोटी? कारण तेलकट जेवणासोबत घेतलं तर रक्तात त्याचं प्रमाण दहापटीपर्यंत वाढतं. शिकागो विद्यापीठातल्या रसेल श्मुलेविट्झ यांनी उलटा विचार केला. हो, तेच हगिन्सचं विद्यापीठ. अन्नाने औषध इतकं जास्त शोषलं जात असेल तर अन्नासोबत एकच गोळी का पुरणार नाही? ७२ रुग्णांची चाचणी झाली. अर्ध्यांना उपाशीपोटी १०००, अर्ध्यांना कमी चरबीच्या न्याहारीसोबत २५०. पीएसए, म्हणजे या आजाराचा रक्तातला निर्देशक, दोन्हीकडे सारखाच उतरला. २०१८ मध्ये निकाल छापून आला. खर्च एक चतुर्थांश. चाचणी लहान होती, आयुष्य किती वाढलं हे तिने मोजलं नव्हतं, म्हणून काही डॉक्टर आजही सावध असतात आणि ते योग्यच आहे. पण भारतातल्या अनेक कॅन्सर तज्ज्ञांनी ती पद्धत लगेच उचलली, कारण त्यांच्यासमोर एक गोळी की चार असा प्रश्न नव्हताच. एक गोळी की काहीच नाही, असा होता.

सुरुवातीला म्हटलं होतं ती सावधगिरी हीच. चार गोळ्यांचा कागद हातात असलेल्या माणसाने जेवणासोबत चारही घेतल्या तर घात होईल, आणि एक गोळी सांगितलेल्याने उपाशीपोटी एकच घेतली तर ती कमी पडेल. डॉक्टरने काय लिहिलंय ते पुन्हा विचारा. विचारायला लाजू नका.

‘किती पुरे?’ हा प्रश्न परळमध्ये मात्र फार आधीपासून विचारला जात होता. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, अणुभट्टीकडे. तुर्भ्याला, ज्याला आपण ट्रॉम्बे म्हणतो, तिथे १९५६ मध्ये अप्सरा आणि १९६० मध्ये सायरस या अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांत किरणोत्सारी समस्थानिकं बनू लागली. १९६३ मध्ये परळला टाटा हॉस्पिटलच्या शेजारी अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. थायरॉइडची ग्रंथी आयोडिन खेचून घेते, म्हणून किरणोत्सारी आयोडिन पाजायचं आणि ते आपोआप जाऊन तिथेच बसेल. तिथली कामाची पद्धत ही होती. औषधाने आपला पत्ता स्वतः शोधायचा. पुढे जे घडलं त्याचं बीज इथे आहे.

प्रोस्टेटच्या रुग्णांना सगळ्यात जास्त त्रास हाडांच्या वेदनेचा. हाडांत जाऊन बसणारं स्ट्रॉन्शियम-८९ परदेशातून आणायचं तर महाग. फॉस्फरस-३२ ट्रॉम्बेत तयार व्हायचं, जुनं, स्वस्त, तोंडाने घेता येणारं, पण जगाने जवळजवळ सोडून दिलेलं. परळच्या नरेंद्र नायर यांनी दोन्हींची तुलना केली आणि १९९९ मध्ये जर्नल ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन या अमेरिकी नियतकालिकात छापली. वेदना कमी करण्यात फॉस्फरस स्ट्रॉन्शियमच्या तोडीचं ठरलं. आम्हाला हा निबंध फार आवडतो. त्यात नवीन शोध काही नाही. जे आपल्या घरात आहे ते पुरतं का, एवढंच प्रामाणिकपणे तपासलेलं आहे.

आता लुटेशियम. १९०७ मध्ये पॅरिसच्या जॉर्जेस उर्बेंने शोधलेलं मूलद्रव्य, पॅरिसच्या जुन्या लॅटिन नावावरून नाव ठेवलेलं. त्याचं लुटेशियम-१७७ हे रूप आज या आजाराच्या चर्चेत मध्यभागी आहे. का, ते समजायला दुसऱ्या टोकाने यावं लागेल. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात जुलियस होरोशेविच आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं एक प्रतिपिंड तयार केलं. ते ज्या प्रथिनाला चिकटत होतं त्याला पुढे पीएसएमए नाव पडलं. हे प्रथिन प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशीवर भरपूर असतं, आणि आजार जितका हट्टी तितकं बहुधा जास्त. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी या प्रथिनाला अचूक चिकटणारे छोटे रेणू बनवले. एकाला गॅलियम जोडलं की स्कॅनमध्ये कॅन्सर कुठे कुठे आहे ते दिसतं. दुसऱ्याला लुटेशियम जोडलं की तो रेणू तिथे जाऊन किरण सोडतो, आणि ते किरण दोन मिलिमीटरच्या आतच संपतात. आधी दाखवायचं, मग तिथेच मारायचं. थायरॉइडच्या आयोडिनचीच जात, फक्त इथे पत्ता रसायनशास्त्राने लिहून दिलेला. पत्ता अगदी चोख नाही. लाळग्रंथींवरही तो लागू पडतो, म्हणून पुष्कळ रुग्णांचं तोंड कोरडं पडतं. भाकरी गिळायला पाणी लागतं.

२०२१ मध्ये व्हिजन नावाच्या चाचणीचा निकाल आला. ८३१ रुग्ण, ज्यांच्यावर वरची गोळी आणि केमोथेरपी दोन्ही होऊन गेल्या होत्या. ११.३ महिन्यांचे १५.३ महिने झाले. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. पण भारतात काय चाललं होतं? भारत त्या परवानगीची वाट पाहत बसला नव्हता. लुटेशियम-१७६ हे न्यूट्रॉन फार सहज गिळतं, त्यामुळे ते साध्या पद्धतीनेही अणुभट्टीत बनवता येतं, आणि ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत, जी १९८५ पासून चालू आहे, ते बनत होतं. दिल्लीच्या एम्सने २०१७ मध्येच आपल्या रुग्णांचे अनुभव छापले. चंदीगडच्या पीजीआयने २०२२ मध्ये एक छोटी पण नेटकी चाचणी छापली, ज्यात केमोथेरपी न झालेल्या रुग्णांत लुटेशियम हे डोसेटॅक्सेलच्या तुलनेत मागे पडलं नाही. मुंबईत परळला हे उपचार होतात. म्हणजे जगाच्या नकाशावर हे उपचार आपल्याकडे उशिरा आले असं म्हणता येत नाही. देशाच्या नकाशावर ते कुठवर आले, हा वेगळा प्रश्न.

एक चिठ्ठी आली आहे. ‘हे जनुकांचं काय ऐकतो आम्ही? अनुवांशिक असतं का?’ चांगला प्रश्न आहे, पटकन सांगतो. काही रुग्णांत बीआरसीए२ सारख्या जनुकात बिघाड असतो. पेशीची डीएनए दुरुस्त करण्याची एक वाट त्यामुळे बंद झालेली असते. ओलापॅरिब हे औषध दुसरी वाट बंद करतं आणि पेशी मरते. २००५ मध्ये ही कल्पना दोन निबंधांत मांडली गेली, २०२० मध्ये प्रोस्टेटसाठी परवानगी मिळाली. पण औषध बाजूला ठेवा. हा बिघाड वारशाने आलेला असेल तर तो मुलीकडेही गेलेला असू शकतो, आणि तिच्यात तो स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर म्हणून उगवू शकतो. बापाच्या रक्ताची तपासणी ही सासरी गेलेल्या लेकीचीही बातमी असते. आपल्याकडे बापाच्या ‘त्या’ जागेच्या आजाराबद्दल लेकीशी बोलायची पद्धत नाही. बोलावं लागेल.

दुसरी चिठ्ठी: ‘वाशिममध्ये यातलं काय मिळतं?’

इतिहासकाराने वर्तमानावर बोलताना हात आखडता घ्यावा, तरी जेवढं नक्की आहे ते सांगतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६०. सहा तालुके. वैद्यकीय महाविद्यालय आलं ते २०२४ मध्ये, ऑक्टोबरात ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यांत वाशिम होतं. पीएसएची रक्ततपासणी, इंजेक्शन, वृषण काढण्याची शस्त्रक्रिया, गोळ्या, ही पहिली पायरी जिल्ह्याच्या किंवा अकोल्याच्या आवाक्यात आहे. केमोथेरपीला अकोला, अमरावती, नागपूर. पेट स्कॅनला नागपूर. लुटेशियमला नागपूर-मुंबईकडेच पाहावं लागतं.

सरकारी योजनेचाही एक छोटा इतिहास आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारच्या अमरावतीचा त्यात नंबर लागला, वाशिमचा नाही. इथे ती २०१३ च्या अखेरीस पोचली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झालं. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार अशा ठरलेल्या गोष्टींना तिने मोठा आधार दिला. पण योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते, आणि आपण जो आजार पाहतोय त्याचा स्वभावच यादीच्या पुढे पळण्याचा आहे. महिनोन्महिने घरी बसून घ्यायची गोळी आणि एकदा दाखल होऊन करायची शस्त्रक्रिया यांत कुठलीही योजना दुसरीकडे सहज झुकते. शिवाय गाडीभाडं, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, नागपूरचा मुक्काम, हे कुठल्याच यादीत नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो कारंजा, मालेगावच्या बाजूने जातो. गाडी असेल तर नागपूर आता जवळ आलं. गाडी नसेल तर ते होतं तिथेच आहे.

शेवटी लुटेशियमबद्दलची एक गोष्ट सांगायची राहिली, ती कोणी विचारली नाही तरी सांगतो. त्याचं अर्धायुष्य साधारण ६.७ दिवस. भट्टीतून बाहेर काढल्यापासून ते निम्मं होत जातं, आठवडा गेला की निम्म्याहून कमी. गोळीसारखं ते दुकानात साठवून ठेवता येत नाही. ठरलेल्या दिवशी तुर्भ्याहून शिशाच्या डब्यात निघतं, ठरलेल्या रुग्णालयात ठरलेल्या रुग्णासाठी पोचतं. तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेली खोली लागते, कारण इंजेक्शननंतर रुग्णाची लघवीसुद्धा काही काळ किरणोत्सारी असते आणि ती साध्या गटारात सोडता येत नाही. रुग्णानेही त्याच दिवशी तिथे हजर असायला हवं. व्हिजन चाचणीत असे जास्तीत जास्त सहा फेरे होते, सहा-सहा आठवड्यांनी. रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या माणसाची बस चुकली तर त्याच्यासाठी निघालेला डोस त्याची वाट पाहू शकत नाही. नागपूरच्या खेपेची तारीख मिळाली की आधी परतीच्या गाडीचं बघा, घरात कोण थांबणार ते बघा, लहान मुलं आणि गरोदर बाई काही दिवस दूर कुठे झोपणार ते बघा. तिथले लोक हे सांगतातच, पण घाईत सांगतात. लिहून घ्या.